तीन गाठींची सुतळी

११ एप्रिल १९३४, वाशीम

ही वही खरं तर कामाची आहे. ओव्हरसियर मारोतरावांनी ती शालिग्राम मिस्त्रीला दिली, आणि मिस्त्रीनं माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाला, "तू तीन बुकं शिकला ना? मंग मापं तू लिहीत जाय." पुढून मापं लिहायची, मागून मी माझं लिहिणार. कोणी वाचायचं नाही. मिस्त्रीला वाचता येतं म्हणतात, पण तो वही हातातसुद्धा धरत नाही.

मी इंद्रभान, भंडाऱ्याकडचा, साकोलीच्या पलीकडचा. जातीनं कोहळी. आमच्याकडे गावागणिक तळं, आणि तळी आमच्याच लोकांनी बांधलेली. बापाचा सगळा जीव त्या तळ्यात. सकाळ झाली की पारेवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, चकरा, संध्याकाळ झाली की पारेवर चकरा. मला तो चिखल नको होता. दोन वर्षं झाली, न सांगता निघालो. अकोल्याला कापसाच्या जिनात राबलो, हिंगोलीच्या रुळावर गँगमध्ये राबलो, कुठंच सहा महिन्यांवर टिकलो नाही. आता वाशीम. आणि इथं काम काय मिळालं, तर तळं उपसायचं. बापाला कळलं तर हसून लोळेल.

आज मारोतरावांनी खालपुऱ्याच्या लोकांना पिंपळाखाली बोलावून हुकूम वाचून दाखवला. वरच्या बाजारपेठेचं सगळं पाणी जोराच्या पावसात उतरून खालपुऱ्यात घुसतं. यंदा नवीन गटार बांधायचं, बाभूळतळं उपसून खोल करायचं, आणि पावसाचं पाणी आधी तळ्यात घेऊन मग हळूहळू नाल्यात सोडायचं. एवढं करूनही यंदा घरांत पाणी शिरलं, तर खालपुऱ्याची ऐंशी घरं पाडून लोकांना गावाबाहेरच्या ओसाड बरडावर न्यायचं.

मनकर्णाबाई म्हणून एक विधवा बाई आहे. आम्हा कामकऱ्यांचं जेवण तिच्याकडे. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बरडावर कुत्रं मुतायले जात नाई, पान्याचा टिपूस नाई तठी. मी कायले जाऊ?"

मारोतराव म्हणाले, "बाई, हुकूम माझा नाई."

"मंग ज्याचा हाय त्याले म्हना, माह्या घरी येऊन भाकर खाय अन् मंग पाड."

२० एप्रिल

गटाराचं काम भराभर चाललं आहे. मिस्त्रीचा एक हट्ट आहे, मोरीचं पाणी आणि आभाळाचं पाणी एका नळीत जाऊ द्यायचं नाही. घरांच्या मोऱ्यांना चिनी मातीचे नळ टाकून ते पाणी पार खालच्या वावरांत काढलं आहे. पावसाच्या पाण्याला वेगळं, विटांचं, माणूस वाकून चालेल एवढं गटार. ते तळ्यात पडणार. मारोतराव म्हणाले एकच केलं तर काम अर्ध्यात होईल. मिस्त्री म्हणाला, "ज्या तलावात गावाचा मैला गेला त्याचं पानी तुमी पेसान का, साहेब?" 

म्हातारा फार खोडीचा आहे. पाणसळ लावायची, दुर्बीण धरायची, सगळं मला करायला लावतो. पट्टीवरचा आकडा मी वाचायचा.

"कितीक दिसते?"

"तुमीच पाहा ना."

"मी पाह्यलं. तुले दिसते का ते पाहून राह्यलो."

आणि संध्याकाळी दिवसभराची मापं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतो. शाळेतल्या मास्तरासारखा पाठांतर घेतो म्हणा ना. एक आकडा चुकीचा वाचला की लगेच म्हणतो, सकाळी दुसरा सांगितला होता. डोकं मात्र पक्कं आहे.

६ मे

ऊन असं की विटा हातात धरवत नाहीत. चुन्याच्या घाणीचे बैल दुपारी सोडावे लागतात. रामसिंग नाईकाच्या तांड्याची पन्नास माणसं तळ्यात गाळ काढत आहेत, आणि तो गाळ शेतकरी गाड्या भरभरून वावरात नेत आहेत. रामसिंग मला कोहळी म्हणूनच हाक मारतो. "ए कोहळी, तुमच्याकडं तळं असंच उपसतात का?" मी म्हटलं, आमच्याकडे बायकासुद्धा याच्या दुप्पट उपसतात. तो म्हणाला, मग बायकांनाच बोलाव, तू जा भाकरी थाप.

मनकर्णाबाईच्या घरात चुलीमागच्या भिंतीवर गेरूच्या तीन आडव्या रेघा आहेत. मला वाटलं शोभेला ओढल्या असतील. ती म्हणाली, "पान्याच्या हायत." ज्या वर्षी पूर आला त्या वर्षी पाणी जिथवर चढलं तिथं तिनं रेघ ओढली. सगळ्यात वरची रेघ मागल्या सालची, माझ्या छातीएवढी. त्या दिवशी ती आढ्याला धरून उभी होती. घर तिनं आणि नवऱ्यानं दोघांनी माती तुडवून बांधलं आहे.

मिस्त्री जेवायला बसला की ती सांगते, "भाजी उजव्या अंगाले, ठेचा डाव्या." म्हाताऱ्याला फार लाडावून ठेवलं आहे.

९ जून

काम झालं. तळ्याच्या पोटात पारेला लागून विटांची एक विहीर उभी केली आहे. आमच्याकडे तिला तुडुम म्हणतात. तिच्या बुडाला एक भोक, भोकाला बाभळीचा दट्ट्या. दट्ट्या काढला की पाणी विहिरीत पडतं आणि पारेखालून नाल्यात जातं. तळ्याची देखभाल मारोतरावांनी माझ्याकडे दिली. म्हणाले, "तू तळ्याच्या मुलखातला. दट्ट्या कधी काढायचा, कधी घालायचा, तुला समजतं."

मला समजतं. पोळा झाला की हैदराबादला निघणार, तोवर सांभाळतो.

३० जून

आज तळं भरलं. काठोकाठ. दट्ट्या मी घट्ट ठोकून ठेवला होता, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. सगळ्या बाजारपेठेचं पाणी नव्या गटारातून धो धो येऊन पडलं, आणि मी पारेवर उभा राहून पाहत होतो. खरं सांगायचं तर छाती भरून आली. आमच्याकडे तळं भरलं की वर्षभराच्या भाताची चिंता मिटते, गाव जेवतं.

वरच्या पेठेतल्या बायका आल्या, चतुराबाई पुढे. त्यांनी तळ्याची ओटी भरली, हळदकुंकू पाण्यात सोडलं. चतुराबाई मला म्हणाली, "कोन्या गावचा रे तू? देवमानूस हायेस. चैत्रात दोन कोसावरून पानी आनतो आमी." मला नारळ दिला.

मिस्त्री घरी पडून होता, ताप होता. संध्याकाळी जाऊन सांगितलं, तळं भरलं. तो उठून बसला. "किती भरलं?" म्हटलं, काठोकाठ. तो भिंतीकडे तोंड करून परत आडवा झाला. तापाची गुंगी असेल.

१४ जुलै

काय लिहू?

दुपारी तासभर पाऊस पडला. मोठा नव्हता. पण तळ्यात जागाच नव्हती. गटाराचं पाणी तळ्याच्या तोंडाशी येऊन थांबलं, आणि मग उलटं फिरलं. खालपुऱ्यात जिथं जिथं गटाराच्या फरश्या उघडतात तिथून वर उसळलं. मी धावत गेलो तर गल्लीत घोट्याएवढं पाणी आणि मनकर्णाबाई उंबऱ्यावर मातीचा बांध घालत होती. पाऊस थांबला म्हणून वाचलो. आणखी अर्धी घटका चालला असता तर पाणी आत होतं.

मारोतराव आले, पाणी पाहिलं, खिशातला बरडाचा कागद चाचपला आणि गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्री तापातच आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पारेवर बसला. मी म्हटलं, मिस्त्री, माझं काय चुकलं?

"भरल्या पोटी पंगतीले बसवलं तू त्याले. आता ते ओकन नाई त काय करन?"

मग म्हणाला, "तुमच्या मुलखात तलाव भातासाठी. इथला तलाव पावसाले जागा द्यासाठी हाय. रिकामा असन तवाच कामाचा. चूक माहीपन हाय. तू कोहळी हायेस हे मले ठावं होतं."

सगळ्या गावातून मला निवडलं, आणि मी अगदी तीच चूक केली जी फक्त माझ्याच जातीचा माणूस करील. आज रात्रीच निघावं असं दहा वेळा मनात आलं. गाठोडं बांधूनही झालं. मनकर्णाबाईनं जेवायला हाक मारली म्हणून राहिलो.

१५ जुलै

सकाळी दट्ट्या काढला. पाणी नाल्यात पडायला लागलं आणि घटकाभरात चतुराबाई पंधरा-वीस बायका घेऊन पारेवर.

"काहून सोडून राह्यला पानी?"

"खालपुरा बुडते, माय."

"अन् चैत्रात आमी तहानेनं मरतो ते? तुह्या बापानं भरलं का हे तलाव? घाल ते बूच."

मी समजावून सांगितलं. ती विहिरीच्या काठावर फतकल मारून बसली. म्हणाली, आता काढून दाखव. मागचा नारळही आठवणीनं मागितला. तो मी खाऊन बसलो होतो.

तेवढ्यात मनकर्णाबाई आली. मला वाटलं आता भांडण जुंपणार. पण ती चतुराबाईच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "मीपन चैत्रात तुह्यासंगंच दोन कोस जातो, चतुरे. पानी तुलेपन पाह्यजे, मलेपन पाह्यजे. पन माह्या घरात नको."

दोघी तशाच बसून राहिल्या. दट्ट्या मी घातला. अर्धं तळं राहिलं आहे.

१६ जुलै

अर्धं. काल तो शब्द लिहिला आणि आज पहाटे डोळा उघडला तेव्हा तोच डोक्यात होता.

आमच्या गावच्या तुडुमाला एक भोक नाही. एकावर एक अशी तीन आहेत. लहानपणी मी त्यांत हात घालून बापाचा मार खाल्ला आहे. बाप पाणी पाहून कधी वरचं काढतो, कधी मधलं. बुडाचं मात्र तळं साफ करायचं तेव्हाच. इथंही मधे एक भोक पाडून ते सगळा पावसाळा उघडं ठेवलं, तर खालचं अर्धं पाणी चैत्राचं, वरची अर्धी जागा पावसाची. दोघींचं काम होतं.

मिस्त्रीला सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाला, "गाढवा, हे तू अगुदर काहून नाई सांगतलं?" विचारलं कोणी होतं?

पण भोकं नेमकी कोणत्या उंचीवर, ते मला ठाऊक नाही. कधी पाहिलंच नाही. तो चिखल नको होता ना. मिस्त्री म्हणाला, बापाले पत्र टाक. मी नाही म्हटलं. दुपारी टाकलं. दोनच ओळी, खाली नाव. ख्यालीखुशाली काही लिहिली नाही. लिहायला तोंड नव्हतं.

३० जुलै

घरून पार्सल आलं, चिठ्ठी नाही. बापाला अक्षर येत नाही हे मला ठाऊक आहे, पण गावात मास्तर आहे. एक ओळ लिहवून घेतली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. राग गेलेला नाही.

आत अंबाडीची नवी सुतळी, तिला तीन गाठी. आमच्या तुडुमाची मापं. खालच्या टोकाला दगड बांधलेला, म्हणजे बूड कुठलं ते कळावं. सुतळी वाटेत दबू नये म्हणून पिशवीत पोहे ठासून भरले होते. घरचे, लुचई धानाचे, चांगले दोन पायली असतील. मनकर्णाबाईला पोहे दाखवले तर तिनं पदरानं डोळे पुसले. पोह्यांत तिखटाची पुडीही होती, तिची धूळ उडाली असेल.

मिस्त्रीनं सुतळी हातात घेतली आणि सोडीचना. गाठीवरून बोटं फिरवत बसला, परत परत. पहिली, दुसरी, तिसरी. "याले म्हनते माप. तुह्या बापाले मी एकडाव भेटीन."

५ ऑगस्ट

आमचं तळं मोठं, हे लहान, म्हणून मिस्त्रीनं सगळा हिशेब तोंडी केला. सुतळी चौपदरी दुमडून पुन्हा नव्या गाठी मारल्या. मधलं भोक तळ्याच्या निम्म्यावर. वरचं भोक मोठं, दणक्याच्या पावसासाठी, गटाराच्या तोंडाच्या चार बोटं खाली. तिथवर पाणी चढलं तरी गटार तुंबायचं नाही.

पण गटाराचं तोंड नेमकं कोणत्या उंचीवर? गटाराच्या तोंडाची पातळी मी वाचली. मिस्त्रीनं विचारलं, कितीक? मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, मिस्त्री, एकदा तुम्ही पाहून घ्या, ऐंशी घरांचा सवाल आहे.

तो म्हणाला, "तू पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"मंग पाह्यलं."

परीक्षा घेतो, पण असल्या कामात घेऊ नये. मी परत जाऊन चार वेळा पट्टी वाचली. आकडा तोच आला.

१३ ऑगस्ट

रामसिंग आणि मी दोघांनी छिन्नीनं विहिरीत भोकं पाडली. दट्टे बसवले. मधला काढून रामसिंगनं तो मनकर्णाबाईच्या घरी नेऊन ठेवला. म्हणाला, कोहळ्याच्या हाताशी राहिला तर हा परत ठोकून टाकेल. बापाची तीच सुतळी, नव्या गाठींसकट, मी विहिरीत टांगून ठेवली आहे.

चतुराबाई रोज येऊन पाहून जाते. पाणी निम्म्याच्या खाली जात नाही ना, एवढंच पाहते. माझ्याशी बोलत नाही.

२६ ऑगस्ट

दोन चांगले पाऊस झाले. पाणी चढलं, मधल्या भोकातून उतरलं. पण हे काही खरे पाऊस नव्हेत. मारोतराव म्हणतात, खरा अजून यायचा आहे.

८ सप्टेंबर

खरा पाऊस आला.

सकाळी आठाला आभाळ फाटलं. उद्या पोळा म्हणून पेठेत गर्दी होती, तीही पांगली. इतका पाऊस मी आमच्या भंडाऱ्यातही पाहिला नाही. मी आणि रामसिंग पारेवर. गटाराच्या तोंडातून पाणी बैलाच्या पाठीएवढं जाड येत होतं. मधलं भोक गुरगुरत होतं, पण पुरेना. पाणी चढत वरच्या दट्ट्याला लागलं.

"काढ वरचा," मी ओरडलो. रामसिंगनं दट्ट्याला बांधलेली दोरी ओढली. दट्ट्या हालेना. बाभूळ पाण्यानं फुगून भोकात बसली होती. दोघांनी ओढली. हालेना. पाणी दट्ट्याच्या वर बोटभर गेलं, मग दोन बोटं. आणखी दोन बोटं की गटाराचं तोंड, आणि मग सगळं उलटं फिरणार.

मी मागं वळून पेठेकडे पाहिलं तर पावसात लुगडी खोचून बायका धावत येत होत्या. चतुराबाई पुढे. मला वाटलं आता ही विहिरीवर बसते. तिनं दोरी धरली. "पाहून काय राह्यला? ओढ." तिच्या मागे दहा-बारा जणींनी धरली. रामसिंगनं हाक दिली, सगळ्यांनी एकदम जोर लावला, दट्ट्या निघाला आणि आम्ही सगळेच्या सगळे पारेवरून मागच्या चिखलात. चतुराबाई माझ्यावर पडली. तिचं वजन मी या वहीत लिहीत नाही.

उठून पाहिलं. पाणी भोकात अशी उडी घेत होतं की पायाखालची पार थरथरत होती. सुतळी धरून बसलो. चढलं नाही. उतरलंही नाही. कितीतरी वेळ तिथंच राहिलं, गटाराच्या तोंडाखाली दोन बोटं. पाऊस तोच, पाणी तिथंच. मग तीनच्या सुमारास एक बोट खाली गेलं.

मी खालपुऱ्याकडे पळालो. गल्ली ओली होती, पावसानं होते तेवढीच. लोक दारांत उभे होते आणि रिकाम्या गल्लीकडे पाहत होते. कोणाचं सामान आढ्याला टांगलेलं, कोणाच्या कोंबड्या माळ्यावर. मनकर्णाबाई घरातून बाहेर पडलीच नव्हती. चुलीजवळ बसली होती, पुढ्यात गेरूची वाटी कालवून ठेवलेली.

मारोतराव आले. ओले चिंब. प्रत्येक घरात डोकावून आले, ऐंशीच्या ऐंशी. शेवटी मनकर्णाबाईच्या घरी येऊन टोपी काढली, पिळली, आणि म्हणाले, "बरडाचा कागद मी आजच परत धाडतो."

मिस्त्री रामसिंगच्या खांद्यावर हात ठेवून आला. मनकर्णाबाईनं वाटी उचलली. "मिस्त्री, रेघ कुठी ओढू?"

म्हातारा भिंतीजवळ गेला. छातीएवढ्या रेघेवर तळहात ठेवला, तिथून सरकत सरकत खाली आला, दुसरी रेघ, तिसरी, मग उकिडवा बसून भिंत आणि जमीन मिळते तो कोपराही बोटांनी चाचपला. बोटांना कोरडी माती लागली. ती त्यानं चोळून पाहिली आणि हसायला लागला.

एवढा लख्ख उजेड असून म्हाताऱ्याला डोळ्यांवर विश्वास नाही. हात लावल्याशिवाय त्याला खरंच वाटत नाही.

९ सप्टेंबर, पोळा

कालवलेला गेरू वाया कशाला घालवायचा म्हणून मनकर्णाबाईनं चुन्याच्या घाणीचे दोन्ही बैल अंगणात बोलावले आणि त्यांच्या पाठीवर गेरूचे पंजे उठवले. उरला तो रामसिंगनं माझ्या पाठीवर. म्हणाला, हाही वर्षभर गोलगोलच फिरला आहे. बैलांना पुरणपोळी, आम्हाला पुरणपोळी. चतुराबाईनं नारळ आणला. "हा खाऊ नको," म्हणाली, "तलावात सोड." आम्ही सगळे जाऊन सोडून आलो. तळं निम्म्यावर उभं आहे, ठरलेल्या गाठीवर.

मारोतराव सांगत होते, आणखी एका गावी असंच काम निघतं आहे. मिस्त्री म्हणाला, "मी येतो, पन हा असन तरच." आणि पाणसळ काढून माझ्या हातात दिली. तीस वर्षं त्याच्याजवळ होती. मी म्हटलं, परीक्षा संपली का?

"संपली," तो म्हणाला. "तू पास झाला. आता मले हात धरून घरी ने."

हैदराबादचं दिवाळीनंतर पाहू. आज बापाला पत्र टाकलं. पहिल्यांदा लांब लिहिलं, दोन्ही बाजू भरल्या. शेवटी लिहिलं, सुतळी तुडुमातच राहू द्यावी लागेल, इथं लागते आहे. तुमच्यासाठी नवी पाठवतो, तिला एक गाठ जास्त आहे, ती माझ्या परतण्याची.